कानामागची गाठ

आईसारखं नाक चारचौघांत मिरवायची लाज वाटायची म्हणे, म्हणून लेकीने ऑपरेशन करून ते बदलून घेतलं. आता कानामागे गाठ आली, तर दवाखान्यात सोबतीला पुन्हा आईच.

"तेव्हा नाकासाठी इथलं मऊ हाड काढलं होतं, त्या टाक्यांमुळे असेल," लेक पुटपुटली.

"गाठीचा तुकडा तपासला. ही नाकाची कूर्चा आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इथे कशी, ते मला माहीत नाही."

"माझ्यासारखंच हट्टी दिसतंय," आई हसली. हसताना तिने नाकावर हात धरला. ही सवय तिला त्या ऑपरेशननंतरच लागली होती. लेकीने मान खाली घातली.

गाठीला दोन बारीक भोकं होती. बाईंनी तिथे छोटा आरसा धरला.

"श्वास रोखा."

लेकीने रोखला. आरशावर वाफ धरली, विरली, पुन्हा धरली.

बाईंनी हळूच मागे पाहिलं. "आई, आता तुम्ही रोखा."

आईने नाक दाबलं. आरसा लख्ख झाला.