बर्फ आणायचं काम

मिठाची बरणी रोझेटाने सकाळीच गाडीच्या डिकीत टाकली आणि डिकीला कुलूप लावलं. घरात राहिली फक्त साखर. आता आईने कितीही घोळ घालायचा म्हटला तरी तिला तो घालता येणार नव्हता.

आई, म्हणजे इडा मे, टेबलाशी बसून पीच सोलत होती. कंबरेचं हाड मोडल्यापासून ती वॉकर धरून चालायची, पण हात अजून चलाख होते. रोझेटा तिच्या डोक्याशी हवालदारासारखी उभी होती. लाज एकदा गेली होती, पुन्हा जाऊ द्यायची नव्हती.

मागच्या ऑगस्टात, बाहेरगावी गेलेली सगळी माणसं चर्चला परत येतात त्या रविवारी, या घरचा पीच कॉबलर, म्हणजे पीचच्या फोडींवर मैद्याचं आवरण घालून भाजलेलं पक्वान्न, खारट निघाला होता. साखरेच्या जागी मीठ. पाद्रीबुवांनी पहिला घास तोंडात घेतला आणि डोळे मिटून गिळला. कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि तेच रोझेटाला जास्त लागलं. ज्या कॉबलरसाठी लोक अटलांटाहून गाड्या काढून यायचे, तो ताटाताटांतून तसाच राहिला. धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं.

घरात माणसं दोनच. आपण मिठाच्या बरणीला हात लावल्याचं रोझेटाला आठवत नव्हतं. मग उरलं कोण? आई पंच्याऐंशीची. या वयात डोकं साथ सोडतं, त्यात नवल काय?

यंदा चर्चच्या स्वयंपाकाचं पाहणाऱ्या सिस्टर ओपलचा फोन आला. तिने गोड आवाजात सांगितलं, की रोझेटाने या वेळी बर्फ घेऊन यावं. बर्फ आणि कागदी प्लेटा कुणाला सांगतात हे त्या चर्चमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ज्याच्या हातचं खायची कुणाची छाती होत नाही, त्याला. रोझेटाचे कान तापले. बर्फ येणार नाही, कॉबलरच येईल, असं तिने ठणकावलं.

मग ओपलने विचारलं, "करताना तुम्ही दोघी असाल ना स्वयंपाकघरात?"

"मी तिच्यावरून नजर हटवणार नाही."

"मग आण," ओपल म्हणाली.

पीच चिरून झाले. साखर घालायला रोझेटाने डबा उघडला, तर आईने आधी बोटावर चिमूटभर घेऊन चाखली.

"घरात मीठच नाहीये आई. चाखतेस काय?"

"सवय गं."

रोझेटाला हसावं की रडावं कळेना. ती जायफळ किसायला गेली तर आईने किसणी हळूच बाजूला सरकवली. जायफळ घालून झालंय म्हणे. रोझेटाला ते काही पटलं नाही, पण सणासुदीला म्हातारीशी कुठे वाद घाला. तिने मैद्याच्या पट्ट्या लाटून वर जाळीसारख्या रचल्या, लोणी फासलं आणि भांडं ओव्हनमध्ये सरकवलं. तासाभराने कडेने रस उकळून वर आला आणि घरभर वास सुटला. तिच्या जिवात जीव आला.

गाडीत बसल्यावर तिने आईला सांगून टाकलं. आज सगळ्यांसमोर माफी मागायची. त्याशिवाय या घराचं नाव धुऊन निघायचं नाही.

आई समोर रस्त्याकडे बघत राहिली. "मागेन," ती म्हणाली. "इथे डावीकडे घे."

"तीस वर्षं शाळेची बस नेलीय मी इथून. मला रस्ता शिकवू नकोस."

बसची नोकरी तिने गेल्या वसंतात सोडली होती. मेल्यांनी सगळे रस्तेच बदलून ठेवले, मग करणार काय?

चर्चमागच्या झाडांखाली टेबलं मांडली होती. लोकांनी आधी बिचकत चमचाभर घेतला, मग ताटं पुढे केली. पाद्रीबुवांनी तीनदा वाढून घेतलं. बघता बघता भांड्याचा तळ दिसला. रोझेटाला वर्षभरात पहिल्यांदा मान वर करून चालता आलं. हीच वेळ आहे असं वाटून तिने ग्लासवर चमचा वाजवला आणि आईला काही बोलायचंय असं जाहीर केलं.

इडा मे वॉकर धरून उठली. उठायला वेळ लागला, कुणी मदतीला सरसावलं तर तिने हातानेच थांबवलं.

"मागच्या वर्षी माझ्या हातून चूक झाली," ती म्हणाली. "तुमच्या तोंडाची चव घालवली. माफ करा मला."

माणसं ताटांत बघायला लागली. कुणाचा चमचा हलेना. एवढं वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे, रोझेटाच्या मनात आलं. आई वॉकरवर वाकून उभी होती आणि तिच्या शेजारी उभं राहायची रोझेटाला पुन्हा लाज वाटायला लागली. ती घाईघाईने म्हणाली, "वय झालंय तिचं. पण काळजी करू नका, आता मी तिला स्वयंपाकघरात एकटीला सोडत नाही."

सिस्टर ओपलने हातातला डाव खाली ठेवला. इडा मेने तिच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. ओपलचे डोळे भरून आले होते.

"नाही इडा मे, हे मला बघवत नाही," ती म्हणाली. मग तिने रोझेटाचे दोन्ही हात हातांत घेतले. "रोझेटा, मागच्या वर्षी तुझी आई इथे आलीच नव्हती गं. जूनमध्ये ती पडली, तेव्हापासून सप्टेंबरपर्यंत हॉस्पिटलात होती. घरात तू एकटीच होतीस."