सातव्या केंद्राची नोंद

सुगत हॅम्बर्गमध्ये बसून दूरच्या एका उष्ण किनारी शहराच्या हवामानाच्या नोंदी तपासायचा. यंदा तिथे चार टायफून आले. सप्टेंबरातल्या टायफूनमध्ये सातव्या केंद्रावरच्या बाईने कळवलेली पाण्याची उंची त्याला अशक्य वाटली. ‘यंत्रदोष’ असा शेरा मारून त्याने ती खोडली. त्यामुळे धोक्याचा इशारा गेलाच नाही, आणि बाई केंद्रासकट वाहून गेली.

आज वार्षिक अहवाल पाठवायचा होता.

“दादा, तो आकडा परत घाल,” शेजारच्या टेबलावरून रोहिणी म्हणाली. “चूक तुझी होती, हेही लिही.”

“गेनाऊ, अगदी बरोबर! आणि सोबत राजीनामा पण जोडू का?” सुगतने ‘यंत्रदोष’ तसाच ठेवला.

तेवढ्यात पडद्यावर सातव्या केंद्राची नवी नोंद उमटली. तापमान साडेएकवीस. ऑफिसच्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवरही साडेएकवीसच होतं. पाण्याची उंची चार सेंटिमीटर.

सुगतने नोंद खोडली. चौथ्या मजल्यावरच्या कोरड्या गालिच्यावर त्याचे मोजे भिजले होते.

दुसरी नोंद आली, नव्वद सेंटिमीटरची. त्याने तीही खोडली. शर्ट छातीपर्यंत ओला झाला.

“काय रे, घाम फुटला का?” रोहिणीने विचारलं.

सुगतने घाईघाईने अहवाल उघडला आणि ‘चूक माझी’ असं टाइप करू लागला. तोवर तिसरी नोंद आली होती. एकशे चाळीस. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘यंत्र ठीक आहे.’

रोहिणीला हाक मारायला त्याने तोंड उघडलं, आणि ते खाऱ्या पाण्याने भरलं.