राहिलेला भागाकार

सहावीतल्या एकालाही भागाकार येईना.

योसिनाबाईंनी खडू ठेवला. बेरीज, वजाबाकी, गुणाकार मुलं धडाधड करत होती. फळ्यावर भागाकाराची खूण आली की सगळ्यांच्या माना खाली. पाचवीचंही तेच.

बाई सकाळीच बेटावर उतरल्या होत्या. शहरातल्या त्यांच्या शाळेत सहा वर्गांना तेरा शिक्षक होते. इथे तीन वर्षं एकही नव्हता. यंदाच्या नव्या नियमाने जास्तीचे शिक्षक बेटांवर पाठवले. तीन वर्षं इथे काढायची, मग मागाल ती शाळा. पण बाईंची पेटी अजून होडीतच होती. शाळा बघते, नाही पटलं तर नोकरी सोडून परत येते, असं त्यांनी नावाडी मेल्कीला सांगून ठेवलं होतं. ते गावाला कळायला वेळ लागला नाही. सगळं गाव खिडक्यांशी उभं होतं.

"यांना शिकवलं कोणी?" बाईंनी विचारलं.

खिडकीतून एक आई म्हणाली, "आपोआपच शिकली. हुशार आहेत."

मागच्या बाकावरून बोनी उठले. जाळी विणून पाठीला बाक आलेला म्हातारा. सगळं बेट त्यांना तेते, म्हणजे आजोबा म्हणायचं.

"मी शिकवलं. पोरांना बोलू नका."

"तुम्ही शिक्षक होता?"

"छे. जाळी विणतो."

"मग भागाकार तेवढा का सोडलात, तेते?"

म्हातारा फळ्यावरच्या खुणेकडे बघत राहिला. "मागचे गुरुजी होते तेव्हा नातीशेजारी बसून मीही शिकलो. पासष्टीत अक्षरं गिरवली. गुणाकार संपला तेव्हा गुरुजी म्हणाले, सोमवारी भागाकार घेऊ. शनिवारच्या होडीने ते गेले."

दारात मेल्की आला. "बाई, ओहोटी लागली. होडी रुतली तर मलाही या बाकावर बसावं लागेल. येताय ना?"

बाईंनी खडू उचलला. "बसा, तेते. आज सोमवार आहे."

"गुरुवार आहे, बाई," पुढच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली.

"सोमवारच आहे," बाई म्हणाल्या. "पेटी उतरव, मेल्की."