शेवटचा ग्लास

"बाहेर येताय की आतच संसार थाटलात?" बायकोनं संडासाचं दार ठोठावलं. तो भिंत धरून बाहेर आला. दुपारच्या तपासणीसाठी कालपासून खारट औषध पिऊन आतडी धुऊन निघाली होती. तिनं शेवटचा ग्लास पुढे केला. "पुरे गं, आत उरलंय काय?" "भावोजींनी हाच ग्लास मोरीत ओतला होता." पोट साफ नाही म्हणून धाकट्या भावाची तपासणी पुढे गेली, तो पुन्हा फिरकलाच नाही, आतड्यातल्या गाठीनं त्याला नेलं. यानं डोळे मिटून ग्लास संपवला. दुपारी दवाखान्यात कुशीवर पडून भीतभीत पडद्याकडे पाहिलं. आत सरकवलेल्या दुर्बिणीच्या उजेडात शंखाच्या पोटासारखी गुलाबी वाट उलगडत होती. "लख्ख आहे, गाठबीठ काही नाही," डॉक्टर म्हणाले. "दिवा नका काढू एवढ्यात," तो पुटपुटला. "जन्मभर माझ्यासाठी राबतंय हे आतडं, डोळे भरून बघू द्या."