फोटोत मावेल तेवढंच

शारजातल्या एका छोट्या क्लबच्या मैदानाचं गवत नागेश राखायचा. त्या क्लबने स्पेनहून गोर्का नावाचा स्ट्रायकर वाजतगाजत आणला, पण नवा कोच आला आणि परदेशी खेळाडूंच्या यादीतून गोर्काचं नाव उडालं. करार अजून दीड वर्षाचा. बिचाऱ्याला खेळताही येईना आणि सोडून जाताही येईना. रोज सकाळी एकटाच रिकाम्या गोलमध्ये बॉल मारत राहायचा.

एक दिवस मॅचची नऊ नंबरची जर्सी घालून तो नागेशकडे आला.

"हबीबी, एक फोटो काढ," त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विनवलं. "आई आजारी आहे. मी अजून मॅच खेळतोय, असंच तिला वाटतं."

मागच्या रिकाम्या खुर्च्या दिसू देऊ नकोस, हे त्याने सांगायच्या आतच नागेश गवतावर उकिडवा बसला. मोबाईल खालून वर धरून त्याने जर्सी, गोलपोस्ट आणि आभाळ एवढंच फोटोत घेतलं.

गोर्का फोटोकडे बघतच राहिला. "हे कुठे शिकलास?"

"लेबर कॅम्पच्या खोलीत, सर. तिथे आम्ही बाराजण राहतो."

नागेशने मोबाईल त्याच्या हातात दिला.

"बायकोला पाठवतो त्या फोटोत मी एकटाच राहतो."