सरदाराचं मुंडकं

मागोरोकुनं केसांना धरून आणलेलं मुंडकं ओसेनपुढे आपटलं. "याचे दात काळे करा, बाई."

कुरोसे किल्ल्याच्या मनोऱ्यात बायका सकाळपासून शत्रूंची मुंडकी धूत होत्या, विंचरत होत्या. बाहेर वेढा पडलेला, आत रक्ताचा वास कोंदलेला. कुमक येते की नाही, याचाच सगळ्यांना घोर. दात रंगवून काळे ठेवायची रीत बड्या सरदारांची. तसलं मुंडकं किल्ल्याचे धनी, सरकार, स्वतः पाहत आणि आणणाऱ्याला बढती मिळे. पांढऱ्या दातांची मुंडकी कुणी न पाहताच खंदकात जात.

ओसेननं चेहऱ्यावरचा चिखल पुसला. मग बराच वेळ ती नुसती पुसतच राहिली.

"कुठं मारलात?"

"खंदकात. पहाटे धुक्यातून पोहत आला, तटाचे दगड धरून चढायला लागला. मी वरूनच भाला घातला. चिवट होता मेला, लवकर हात सोडीना."

"काही बोलला?"

"थांब, थांब म्हणाला. सगळेच म्हणतात." मागोरोकु हसला. "चौकशी कसली करताय? भाले वाहून केस पिकले माझे. आज सरदाराचं मुंडकं दिलं नाही, तर मरेपर्यंत प्यादाच राहीन मी. रंगवताय ना?"

"रंगवते."

शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं. लबाडी उघडकीला आली तर रंगवणारीचीही धडगत नसे. ओसेननं तिकडे पाहिलंही नाही. तिनं दातांवर हळूहळू काळा रंग चढवला, केसांना तेल लावून झोकदार गाठ बांधली, फाटलेला गाल पिठीनं लिंपला. भलतीच कामसू बाई आहे, असं मागोरोकुला वाटलं.

दुपारी भाला-तलवार दाराशी ठेवून तो सरकारांपुढे गुडघ्यांवर बसला. ओसेननं मुंडक्याचा पाट आणून मध्ये ठेवला.

"बडा सरदार आहे, सरकार," मागोरोकुनं कपाळ टेकलं. "समोरासमोर लढून मारला."

सरकार पुढे वाकले. हनुवटी धरून त्यांनी चेहरा उजेडाकडे वळवला.

"याला कुमक मागायला मीच धाडला होता," ते म्हणाले.

पहारेकऱ्यांनी मागोरोकुची मानगूट धरून त्याचं तोंड चटईवर दाबलं. सरकारांनी ओसेनकडे पाहिलं. "दात कुणी रंगवले?"

"मी, सरकार. पांढऱ्या दातांनी माझा नवरा तुमच्यापर्यंत पोहोचला नसता."