जुना लेखक

मोतीबिंदूनं शामरावांचं वाचन सुटलं, तेव्हापासून त्यांची सून दुर्गा त्यांना 'वज्रकेतू' या हिंदी कॉमिक्सचा दर महिन्याचा अंक वाचून दाखवायची. ती बाळंतपणाला माहेरी काटोलला गेली आणि ते काम मुलाकडे आलं. नेमका त्याच सुमारास कॉमिक्सचा लेखकही बदलला, आणि शेजारच्या क्वार्टरातल्या पुंडलिकशी शामरावांचं रोज वाजायला लागलं.

"जुन्या लेखकाचा वज्रकेतू राक्षसाले मारून येताना मायसाठी वांगे घेऊन यायचा गा! हा नवा नुसता धडाम-धूम करून राहिला."

"मी पहिल्या अंकापासून वाचून राहिलो, शामरावजी. मले तं वांगे कधी दिसले नाही. नवाच बेस आहे!"

परवा दुर्गा बाळाला घेऊन भिलाईला परतली. संध्याकाळी ती सासऱ्यांना वाचून दाखवायला बसली, तेव्हा पुंडलिकही मुद्दाम येऊन बसला. या खेपेला वज्रकेतू उडायला निघाला, तर माय दारातच आडवी आली: आधी डोक्यावर हेल्मेट घाल, मंगच जा त्या राक्षसाकडे! पुंडलिक पोट धरून हसला.

"आला का नाही जुना लेखक वापस?" शामरावांनी मांडीवर थाप मारली.

"आला बाप्पा, आला. तुमीच जिंकले," म्हणत पुंडलिकनं हेल्मेटातला वज्रकेतू पाहायला मान वाकवली.

 

दुर्गाच्या हातात कॉमिक्स नव्हतंच; नवऱ्याला कारखान्यातून फुकट मिळालेलं सुरक्षा सप्ताहाचं पुस्तक होतं.